अकरावी सुई

टाकेमास्तरांनी सुया पहिल्यांदा मोजल्या तेव्हा दहा भरल्या. दुसऱ्यांदा मोजल्या, तरी दहाच. मग त्यांनी हात लेंग्याला पुसले, सुयांची कापडी गुंडाळी मांडीवर सरळ पसरली आणि बोटाच्या पेराने एकेक कप्पा चाचपत, तोंडाने आकडे म्हणत तिसऱ्यांदा मोजल्या. आकडा काही ऐकेना. सकाळचे साडेसहा वाजले होते, गादीच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, आणि अकरावा कप्पा रिकामा होता.

शिंप्याची सुई हरवली तर शिंपी दुसरी आणतो आणि विसरून जातो. गादीवाल्याची सुई हरवली की ती कुणाच्या तरी पाठीत नाहीतर मांडीत सापडते. म्हणून गादीवाल्यांचा एक नियम असतो. संध्याकाळी सुया मोजल्याशिवाय शटर ओढायचं नाही, आणि एक जरी कमी भरली तरी दिवसभरात शिवलेलं सगळं उसवायचं, मग गिऱ्हाईक दारात उभं का असेना. मास्तरांनी बेचाळीस वर्षं हा नियम पाळला होता आणि दुसऱ्यांनाही पाळायला लावला होता. त्यांच्या गादीत सुई राहिली असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं, आणि ही गोष्ट ते स्वतः दर दोन दिवसांनी कुणाला ना कुणाला ऐकवत. आपल्या हातावर त्यांचा फार जीव. नाकावर माशी बसू देत नसत.

फक्त काल संध्याकाळी त्यांनी सुया मोजल्या नव्हत्या.

काल टेम्पो आला होता. विहारासाठी शिवलेली चौसष्ट आसनं त्यात चढवायची होती, चार माणसं मदतीला आली होती, जो तो आसनावर हात फिरवून म्हणत होता, काय टाके आहेत मास्तर, मशीनलाही जमणार नाहीत. स्तुती ऐकता ऐकता मास्तर टेम्पोत चढून बसले आणि आसनांबरोबर विहारात गेले. परत येईपर्यंत सूनबाईने शटर ओढलेलं होतं.

आता ती चौसष्ट आसनं विहाराच्या दालनात होती, कालची शेवटची कुठली ते ओळखू येण्यासारखं नव्हतं, त्यांतल्या कुठल्या तरी एकात बोटभर लांबीची पोलादी सुई होती, आणि आठ वाजता त्यांच्यावर चौसष्ट माणसं बसणार होती. दिवसभराची ध्यानबैठक होती. ज्यांना जमिनीवर बसवत नाही म्हणून ही आसनं शिवली, ते सगळे गुडघेदुखीवाले म्हातारेकोतारे आज वर्षभराने यायचे होते.

खरं तर सोपं होतं. विहारात जायचं आणि सांगायचं, बाबांनो, सुई राहिली आहे, आज आसनं वापरू नका. पाच मिनिटांचं काम. पण मास्तरांना ते पाच मिनिटांचं काम डोंगराएवढं वाटत होतं, आणि त्याचं कारण सुई नव्हती, डोळे होते.

सहा महिन्यांपासून मास्तरांना नीट दिसत नव्हतं. समोरच्या माणसाच्या तोंडावर कुणी धूर सोडावा तसं मधोमध काही उमटत नसे, कडेकडेचं तेवढं दिसे. माणसं ते चालीवरून आणि आवाजावरून ओळखत. सुईत दोरा ओवायचं काम त्यांनी सूनबाईवर सोपवलं होतं, आणि वर ऐट अशी की तू सकाळीच सगळ्या ओवून ठेव, माझा वेळ वाचतो. ती खोळी मशीनवर शिवायची, ते कापूस भरायचे, मग हाताने तोंड शिवून वर पाच टाके घालायचे. हाताला सवय होती, हात चालत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत मास्तरांनी दिवस ढकलले होते.

मूठ उघडली तर काय होतं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण एकदा त्यांनीच दुसऱ्याची उघडली होती. ज्या उस्तादांनी त्यांना हे काम शिकवलं, त्यांच्या म्हातारपणी एका गिऱ्हाइकाच्या गादीत सुई निघाली. मास्तर तेव्हा तिशीतले, दुकान हातात आलेलं, रक्त गरम. त्यांनी भर गिऱ्हाइकांसमोर म्हाताऱ्याच्या मांडीवरून सुयांची गुंडाळी उचलली आणि म्हणाले, धंद्याला डोळे लागतात, आता तुम्ही दारात बसून गिऱ्हाईक बघा. उस्ताद वर्षभर दारातल्या स्टुलावर बसून राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत. मग एक दिवस आलेच नाहीत. मास्तर ही हकिकत शिस्तीचं उदाहरण म्हणून सांगत. गेले सहा महिने मात्र त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती.

तेव्हा मास्तरांनी ठरवलं की कुणाला काही कळायच्या आत सुई शोधून काढायची. हातात दीड तास होता. शटर खाली ओढून ते विहाराकडे निघाले, आणि अडुसष्ट वर्षांचा माणूस चालेल त्याच्या दुप्पट वेगाने चालले.

विहार म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावरची दुमजली इमारत. वर ग्रंथालय आणि भन्तेंची खोली, खाली मोठं दालन, दालनाच्या टोकाला बुद्धाची पांढरी मूर्ती. पण नुसत्या वंदनेपुरती ती जागा कधीच नव्हती. सकाळची वंदना आटोपली की परीक्षांना बसणारी मुलंमुली तिथेच पुस्तकं उघडत, कारण घरी एका खोलीत सहा माणसं. दुपारी बायकांचा शिवणवर्ग. संध्याकाळी दोन भाऊ भिंतीवरून भांडत आले की निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या हेडबाई, त्यांना समोरासमोर बसवून दोघांचं ऐकून घेत आणि शेवटी दोघांनाही झापत. रविवारी डॉक्टरीणबाई कोपऱ्यात टेबल मांडून फुकट तपासत. लग्नं तिथे जमत आणि कधी कधी तिथेच मोडत.

मास्तरांची बायको गेली त्यानंतर महिनाभर ते रोज त्या दालनात येऊन मागच्या खांबाला टेकून बसायचे. घरात बसवत नव्हतं. कसं वाटतंय, असं त्यांना एकानेही विचारलं नाही. ज्याच्याकडे विहाराच्या किल्ल्या असत तो म्हातारा, ज्याला सगळे किल्लेदार म्हणत, रोज पाण्याचा तांब्या त्यांच्या शेजारी ठेवून जायचा, बस. मास्तरांना ते विसरणं शक्य नव्हतं. म्हणून गार फरशीमुळे म्हातारी माणसं वंदनेला येईनाशी झाल्याचा विषय सभेत निघाला, तेव्हा मास्तर उठून म्हणाले होते, आसनं मी शिवतो. टाळ्या पडल्या. खाली बसताना त्यांच्या मनात आलं होतं की हे आपलं शेवटचं मोठं काम, एवढं धड होऊ दे.

किल्लेदाराने नुकतंच दार उघडलं होतं. इतक्या लवकर कसे, असं त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, टाके एकदा तपासून घेतो. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

आसनं भिंतीशी आठ-आठच्या चळतींत रचलेली होती. मास्तरांनी पहिलं उचललं, मांडीवर घेतलं आणि मनगटाजवळच्या मांसल भागाने कडेपासून दाबत दाबत मध्यापर्यंत आले. उलटं केलं, पुन्हा तेच. मग कोपरे चिमटीत धरून मळले. नुसता कापूस. पहिलं आसन डाव्या हाताला ठेवलं, दुसरं उचललं. तपासलेली डावीकडे, राहिलेली उजवीकडे. एकेकाला दीड मिनिट लागत होतं. कितीदा तरी काहीतरी टोचल्यासारखं वाटलं, आणि प्रत्येक वेळी ती कापसातली सरकी निघाली. घाई केली तर सुई हाताखालून निसटणार, सावकाश केलं तर माणसं येणार. कपाळावरचा घाम भुवयांतून डोळ्यांत उतरला, पण त्या डोळ्यांचं तसं काही काम नव्हतं.

पस्तीस आसनं झाली तेव्हा सव्वासात कधीच वाजून गेले होते. छत्तिसावं त्यांच्या मांडीवर होतं तेवढ्यात दारातून चपलांचा आवाज आला आणि हेडबाई चार बायकांना घेऊन आत शिरल्या. हेडबाईंचा खाक्या असा की आधी काम, मग विचारपूस. मास्तर, तुम्ही कशाला एकटे लावत बसलात, आम्ही मेलो काय, असं म्हणत त्यांनी डावीकडून आठ उचलली, दुसरीने उजवीकडून आठ, तिसरीने मधूनच. मास्तर अहो थांबा, थांबा म्हणत उभे राहिले, पण कशासाठी थांबा ते त्यांच्या तोंडातून निघेना. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तपासलेली, न तपासलेली सगळी एकमेकांत मिसळून सरळ ओळींत मांडली गेली. आठ ओळी, ओळीत आठ. मास्तरांच्या पायाखालची वाळू सरकली. तासाभराची मेहनत पाण्यात गेली होती, आणि आता तपासलेलं कुठलं आणि राहिलेलं कुठलं ते साक्षात बुद्धालाही सांगता आलं नसतं.

माणसं येऊ लागली. पांढरे कपडे, काठ्यांची टकटक, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी. जो बसे तो म्हणे, अहाहा. एका आजोबांनी तर बसल्या बसल्या दोनदा उसळी मारून पाहिली आणि मास्तरांचा जीव घशात आला. प्रत्येक जण बसताना मास्तर श्वास रोखून धरत आणि किंकाळी आली नाही की सोडत. साठेक वेळा माणसाने असं केलं तर त्याचं काय होईल? वाटलं, कदाचित सुई आडवी पडली असेल. कदाचित दुकानातच कुठे कापसाच्या ढिगात असेल. कदाचित एकाच माणसाला टोचेल, जराशीच टोचेल. असं मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच किळस वाटली.

भन्ते जिना उतरून आले आणि समोर बसले. मास्तर शेवटच्या ओळीत, खांबाशेजारी. वंदना सुरू झाली. मग पंचशील. पाच वचनं, मास्तर लहानपणापासून म्हणत आले होते, झोपेतही म्हणतील. जीवहत्या करणार नाही. जे दिलेलं नाही ते घेणार नाही. तिसरंही म्हणून झालं. चौथं वचन खोटं न बोलण्याचं. सगळ्या दालनाचा आवाज एक झाला आणि त्यात मास्तरांचा आवाज नव्हता. ओठ हलले, पण घशातून काही बाहेर पडलं नाही. शेजारच्या गृहस्थांनी वळून पाहिलंसुद्धा.

मग ध्यान सुरू झालं. भन्तेंनी घंटा वाजवली, दालन गप्प झालं. पंखे तेवढे फिरत होते. मास्तरांनी डोळे मिटले नाहीत. त्यांच्या पुढच्या ओळीत, जरा उजवीकडे, एक तरुण बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. उजवीकडची होती म्हणूनच ती त्यांना दिसत होती. बाळ कुरकुरत होतं. तिने त्याला थोपटलं, थोपटलं, मग ते झोपलं. तिने शेजारचं रिकामं आसन हळूच ओढलं, हाताने सारखं केलं आणि बाळाला उचलून त्याच्यावर ठेवायला ती वाकली.

मास्तर उभे राहिले.

"बाई, बाळाला खाली ठेवू नकोस," ते म्हणाले. शांततेत त्यांचा आवाज केवढा तरी मोठा झाला. सगळ्या माना वळल्या. "सगळ्यांनी उठा. सावकाश उठा, आसनावर हात टेकू नका. एका आसनात माझी सुई राहिली आहे. कुठल्या, ते मला माहीत नाही."

एकदम गलका झाला. लोक अंगाखाली साप निघाल्यासारखे उठले, म्हाताऱ्यांना हात देऊन उठवलं गेलं. बाळाच्या आईने त्याला छातीशी असं घट्ट धरलं की ते जागं होऊन रडायला लागलं. मास्तर, तुमच्या हातून? शक्यच नाही, असं दोघे-तिघे म्हणाले. आणि हेडबाई, ज्यांना कुणाचंही अवघडलेपण बघवत नसे, मदतीला धावून आल्या.

"अहो, सूनबाईच्या हातून राहिली असेल," त्या म्हणाल्या. "नवशिकी आहे ती, व्हायचंच असं. एवढं काय मनाला लावून घेता."

वाट आयती उघडी झाली होती. सूनबाई तिथे नव्हती. धाकट्या लेकीला शाळेत सोडून ती उशिरा येणार होती. मास्तरांनी नुसतं गप्प बसायचं होतं, हो म्हणायचीही गरज नव्हती. सगळ्यांनी मान डोलावली असती, सूनबाईला दोन शब्द ऐकावे लागले असते, आणि मास्तर मास्तरच राहिले असते. त्या एका क्षणात त्यांना हे सगळं लख्ख दिसलं, आणि त्यांना मोह झाला, तो झाला नाही असं म्हणण्यात अर्थ नाही.

"तिच्या हातून नाही," ते म्हणाले. "माझ्या हातून. मला दिसत नाही, हेडबाई. सहा महिने झाले. आत्ता तुमचं तोंड मला दिसत नाही, आवाजावरून ओळखतोय. काल मी सुया मोजल्या नाहीत, सकाळी मोजल्या तर एक कमी. मघाशी मी टाके तपासत नव्हतो, सुई शोधत होतो."

मागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. गेल्या महिन्यात तर तुम्ही भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता, असं त्या म्हणाल्या.

"पाठ होता," मास्तर म्हणाले. "माझ्यापुढे रांगेत सात जण होते. त्यांचं ऐकून पाठ केला."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. भन्ते जागचे उठले, स्वतःचं आसन उचलून त्यांच्यापाशी आले आणि एवढंच म्हणाले, "कसं तपासायचं ते शिकवा आम्हाला."

मग मास्तरांनी शिकवलं. तळहाताने नाही, मनगटाजवळच्या या जागेने. कडेकडून मध्याकडे. उलटं करून पुन्हा. कोपरे चिमटीत. टोचलं तर हात झटकू नका, तिथेच धरून मला हाक मारा. ध्यानाला बसलेलं अख्खं दालन कापूस मळायला लागलं. हेडबाई ओळींतून फिरून शाळेतल्यासारख्या दटावू लागल्या, गप्पा नकोत, हात चालवा. वीस मिनिटांत चौसष्ट आसनं तपासून झाली. सुई नाही. हेडबाईंनी शेजाऱ्याशी अदलाबदल करायला लावली, पुन्हा पहिल्यापासून. चौघांनी हाका मारल्या, चारही वेळा सरकी निघाली. दुसरी फेरीही संपत आली. आता कुजबुज वाढली. म्हाताऱ्याने उगाच घोळ घातला, असं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, आणि डोळे अधू झालेल्या माणसाचे कान तिखट असतात हे त्या माणसाला माहीत नसावं. मास्तरांना मात्र सुई न सापडणं जास्त भयंकर वाटत होतं. सापडली नाही म्हणजे ती आहे, आणि दोनशे हात फिरूनही कुणाला लागत नाही.

अशा वेळी सूनबाई दारात आली. सगळं दालन उभं, प्रत्येकाच्या हातात आसन, हे पाहून ती चपला काढायच्या विसरली. किल्लेदाराने तिला बाजूला घेऊन काय झालं ते सांगितलं. मास्तरांनी तिची पावलं ओळखली होती. ती झपाझप आली आणि मध्येच थांबली. मग हळू चालत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, शोधू नका," ती म्हणाली. "सुई माझ्याकडे आहे. मशीनच्या खणात."

काल टेम्पो भरताना तिने शेवटचा हात फिरवला होता, आणि एका आसनाच्या कोपऱ्यात ती तिला लागली. तिने तोंड उसवून काढली, पुन्हा शिवलं. संध्याकाळी गुंडाळीत परत ठेवू म्हणून खणात टाकली आणि गडबडीत राहून गेली. एवढं तिने सांगितलं आणि दालनाने एकदम श्वास सोडला. लोक हसले, म्हाताऱ्यांनी आपापली आसनं खाली टाकून टेकायला सुरुवात केली. सुटलो बाबा एकदाचे, असं हेडबाई म्हणाल्या.

मास्तर हसले नाहीत. तिच्या बोलण्यातला एक शब्द त्यांच्या कानात अडकून राहिला होता.

"परत ठेवू," ते म्हणाले. "म्हणजे याआधीही ठेवली होतीस?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"किती वेळा?"

"दोनदा," ती म्हणाली. "ही तिसरी."

मास्तरांनी हातातलं आसन खाली ठेवलं नाही. म्हणजे सहा महिने संध्याकाळी अकरा भरत होत्या त्या त्यांच्या शिस्तीमुळे नव्हे. ते मोजत होते आणि ती भरती करत होती. त्यांना आता आणखी एक विचारायचं होतं, आणि ते विचारायला त्यांची जीभ रेटत नव्हती. सगळं दालन ऐकत होतं. विचारलं नसतं तरी चाललं असतं.

"टाके?" त्यांनी विचारलं.

"बाबा, घरी बोलू."

"इथेच सांग. काल सगळ्यांनी टाके वाखाणले ते चारचौघांतच. किती माझे?"

सूनबाई रडायला लागली होती, पण तिने सांगितलं. वीस-बावीस आसनांवरचे तेवढे त्यांचे होते. बाकीचे वाकडे पडले होते, काहींत कापूसच पकडला गेला नव्हता. दुपारी ते जेवून आडवे झाले की ती उसवायची आणि पुन्हा घालायची, अगदी त्यांच्यासारखे. तिने हे का केलं, असं मास्तरांनी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, हळू, फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

"तुम्ही स्वतःला दारात बसवलं असतं," ती म्हणाली. "उस्तादांसारखं. मला ते बघवलं नसतं."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे तो स्टूल आला, आणि त्याच्यावर बसून नमस्कार करणारा म्हातारा. आपल्याकडे तेव्हा डोळे होते आणि ही अक्कल नव्हती, असं त्यांना वाटलं. त्यांना राग आला होता, तिचा, स्वतःचा, काल वाहवा करणाऱ्या सगळ्यांचा. दालन वाट बघत होतं.

त्यांनी हातातल्या आसनावरून अंगठा फिरवला. मधला टाका, मग चार कोपऱ्यांचे चार. अंगठा सावकाश फिरत होता, प्रत्येक टाक्यावर थांबत होता. खोटं कशाला बोलायचं, आता तर नाहीच. टाके उत्तम होते. अंतर सारखं, ओढ सारखी, कापूस बरोबर धरलेला. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचे स्वतःचे असे पडत. शेवटच्या कोपऱ्याशी मात्र अंगठा थबकला, मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"शेवटची गाठ सैल ठेवतेस तू," मास्तर म्हणाले. आवाज दुकानातल्यासारखा, खडा. "दोन वर्षांत निघेल ही. दोरा दोनदा गुंडाळून मग खाली घ्यायचा असतो. उद्या ये, हात धरून शिकवतो."

"हो, बाबा," ती म्हणाली. डोळे पुसायला तिने पदर घेतला, तो बराच वेळ खाली आला नाही.

भन्ते आपल्या जागी जाऊन बसले. लोक बसले, कुणी कुणी बसण्याआधी आसन पुन्हा एकदा दाबून पाहिलं, आणि हेडबाईंनी तर आसन बाजूला सारून सरळ फरशीवर बैठक मारली, कारण विश्वास वेगळा आणि खबरदारी वेगळी. बाळाच्या आईने बाळ मांडीवरच ठेवलं. मास्तरांनी सूनबाईने शिवलेलं ते आसन खांबाशेजारी टाकलं, आणि त्याला हात न लावता, न चाचपता, त्याच्यावर बसले.